नवव्या दिवसाचं पाणी

महाशिवरात्रीच्या चार दिवस आधी माचीवाडीत निळे ड्रम आले. दुधाच्या टेम्पोतून, दोन खेपांत, चौतीस. देवळापुढे ते उतरवले आणि बायकांनी आडवे करून घरोघर ढकलत नेले. रिकाम्या ड्रमांचा गडगडाट ऐकून म्हातारी माणसंसुद्धा ओट्यावर येऊन उभी राहिली. सगळ्यांच्या पुढे इंद्रायणी होती, कारण हे सगळं तिनं जमवलं होतं.

इंद्रायणी वाडीची आशाताई. घोडेगावहून एसटीनं दीड तास वर आलं की डोंगराच्या माचीवर एकतीस घरं लागतात, तेवढीच तिची हद्द. बाळंतिणी, लसी, तापाच्या गोळ्या, रक्ताच्या पट्ट्या, सगळं तिच्याकडे. पण बायकांचं खरं दुखणं पाण्याचं होतं. मार्चपासून झरा आटायचा आणि नऊ दिवसांनी एकदा टँकर यायचा. तो विहिरीत ओतला की विहिरीच्या खडकाला भेगा असल्यामुळे दोन दिवसांत निम्मं पाणी जिरून जायचं. हंडे-कळशा भरून किती भरणार? चौथ्या दिवशी पुन्हा दरीत उतरायचं, वाटीवाटीनं पाणी उपसायचं.

इंद्रायणीचा नवरा गोरख खाली अवसरी बुद्रुकला दुधाच्या टेम्पोवर होता, तिथंच राहायचा. पंधरा दिवसांनी घरी आला की गावच्या गोष्टी सांगायचा. अशाच एका खेपेला त्यानं सांगितलं, की गेणभाऊंच्या गोठ्यामागं आंब्याच्या रसाचे रिकामे ड्रम पडून आहेत, गुरांच्या पाण्यासाठी आणले होते, आता त्यांनी सिमेंटची टाकी बांधली. इंद्रायणी दुसऱ्याच दिवशी एसटीनं अवसरीला गेली. गेणभाऊ मोकळा माणूस. "घेऊन जा बाई सगळे," ते म्हणाले, "माझी जागा अडलीया. पानी पिऊन दुवा द्या म्हंजे झालं." वरचे दहा-बारा त्यांनी स्वतःसाठी ठेवले, बाकीचे दिले.

पहिला ड्रम शेजारच्या भागूनं घेतला. भागूचं आणि इंद्रायणीचं घर भिंतीला भिंत लागून, अंगण एकच. "हिनं आनलंय म्हंजे चांगलंच असनार," असं म्हणत भागूनं तो आपल्या दाराशी उभा केला, आत वाकून वास घेतला आणि हसली. "आंब्याचा येतोय अजून."

मार्चमध्ये टँकर आला तेव्हा ड्रायव्हरनं पाइप टाकून दारोदार ड्रम भरून दिले. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा माचीवाडीच्या बायका दुपारी घरात बसल्या.

डासांची गोष्ट आधी लक्षात आली ती इंद्रायणीच्या सासूच्या, कुशाबाईच्या. एप्रिल निम्मा सरला होता. म्हातारी ओट्यावर वरई पाखडत बसायची. एक दिवस सूप बाजूला ठेवून पोटऱ्या खाजवत म्हणाली, "इंद्रे, ह्ये डास मुकं हायेत गं."

"मुकं म्हंजे?"

"आवाज करीत न्हाईत. आन् दिवसाढवळ्या चावत्यात. आपल्याकडचं डास भाताच्या दिसांत येत्यात, सांजच्याला, कानाशी गुणगुणत्यात. ह्ये खाली घोट्याला येऊन बसत्यात, कळत बी न्हाई."

"उन्हाळ्यात कसलं डास, आत्या? किडा-मुंगी असंल," इंद्रायणी म्हणाली आणि रजिस्टर घेऊन बाहेर पडली. माचीवर वारा असतो, उन्हाळ्यात डास नसतात, हे तिनं लहानपणापासून ऐकलं होतं. माहेरही तिचं डोंगरातलंच.

मे उजाडला आणि तापाची माणसं निघू लागली. आधी वरच्या आळीत दोन, मग देवळाजवळ तीन. इंद्रायणीनं नेहमीप्रमाणे बोटाला टोचून पट्ट्या घेतल्या, पाठवल्या. हिवताप नाही असं उत्तर आलं. माणसं तापानं फणफणायची, डोळ्यांच्या मागं दुखतंय म्हणायची, हाडं कुटल्यासारखी झाली म्हणायची, आणि सहा-सात दिवसांनी उठून कामाला लागायची. मग भागूला ताप आला.

चार दिवस भागू निजून होती. इंद्रायणी सकाळ-संध्याकाळ जायची, कपाळावर घड्या ठेवायची, पेज पाजायची. भागूचे नवरे दादाभाऊ कमी बोलणारे, पण तेही दारात उभे राहून विचारायचे, "गोळी कवा द्यायची?" पाचव्या दिवशी सकाळी थर्मामीटर काढून बघितलं तर ताप नव्हता. भागू भिंतीला टेकून बसली होती. चेहरा पांढराफटक, पण डोळे उघडे.

"उतरला बाई एकदाचा," इंद्रायणी म्हणाली.

"पोटात दुखतंय," भागू म्हणाली. "आन् हातपाय गार लागत्यात."

इंद्रायणीनं तिचे हात हातात घेतले. गारच होते. "चार दिस अन्न न्हाई पोटात. अशक्तपना हाय. उद्या ठीक हुशील." बाहेर आल्यावर दादाभाऊंनी बघितलं तेव्हा तिनं त्यांनाही तेच सांगितलं. "बरी हाय आता. ताप उतरला."

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाभाऊंची हाक आली ती भिंत फोडून आल्यासारखी. भागूच्या हिरड्यांतून रक्त येत होतं, कपडे उलटीनं भरले होते, ती हाकेला ओ देत नव्हती. जीपनं घोडेगाव, तिथून मंचर, तिथून रुग्णवाहिकेनं पुणे. तिसऱ्या दिवशी भागू गेली. कागदावर डेंगी लिहिलं होतं. वाडीत तो शब्द टीव्हीवर ऐकलेला. शहरातला रोग, गटारांचा, गर्दीचा. माचीवर तो कसा आला हे कुणालाच उमगेना.

भागूचा दहावा झाला त्या आठवड्यात आरोग्य खात्यातले भगवंत आले. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले, सडपातळ, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी इंद्रायणीला सोबत घेतलं आणि पहिल्याच ड्रमपाशी थांबले. ड्रमवर गोणपाट टाकलेलं होतं. ते उचलून त्यांनी पिशवीतला पांढरा डाव पाण्यात बुडवला, बाहेर काढला, तिच्यापुढे धरला. पांढऱ्यावर काळे धागे वळवळत होते, वाकडे होऊन वर येत होते, पुन्हा खाली जात होते.

"पिताना गाळून घेता ना?"

"घेतो," ती म्हणाली. "किडे पडत्यात म्हनून."

एकवीस घरं बघितली. सतरा ड्रमांत अळ्या. कुशाबाईच्या ओट्याखालून त्यांनी काचेच्या नळीत एक डास पकडला आणि उन्हात धरला. काळा, आणि पायांवर पांढरे पट्टे, चुन्यानं ओढल्यासारखे.

"तीस वर्षं मी या डोंगरात फिरतोय," भगवंत म्हणाले. "हा मंचरला आहे, नारायणगावला तर घरोघर. इथं कधीच नव्हता. चढून आला म्हणावं तर याच्या पंखात तेवढा दम नाही. शंभर-दोनशे मीटर उडतो, झालं. याला कुणीतरी आणावं लागतं."

त्यांनी तिला ड्रमच्या आत, पाण्याच्या वरच्या काठाशी बॅटरी मारून दाखवलं. काजळाचे ठिपके उडावेत तसे बारीक काळे कण प्लास्टिकला चिकटले होते. "अंडी. वाळली तरी सहा-सहा महिने मरत नाहीत. पाणी लागलं की फुटतात. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, घासावं लागतं." मग त्यांनी सहज विचारलं, "हे ड्रम कुठून आले, ताई?"

इंद्रायणीनं ड्रमवर गोणपाट पुन्हा ओढलं. "मी आनले," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी भगवंतांच्या मोटरसायकलवर बसून ती अवसरीला गेली. गेणभाऊंनी चहा ठेवायला सांगितला. गोठ्यामागं त्यांचे दहा-बारा ड्रम उभे होते, कोरडे, उन्हात तापलेले. भगवंतांनी आतून चाकूनं खरवडलं, जे निघालं ते पाण्याच्या बाटलीत टाकलं.

"आमच्याकडं दिवाळीत घरटी एक आजारी व्हता," गेणभाऊ चहा ओतत म्हणाले. "नातवाला सलाईन लावलं, सुनेला लावलं. दवाखाना हितं धा मिंटावर. चार दिसांत सगळी हिंडाया लागली. का हो, काय झालं?"

भगवंतांनी इंद्रायणीकडे बघितलं. ती बशीत बघत होती. "काही नाही, पाहणी चालू आहे," ते म्हणाले.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. बाटलीत अळ्या निघाल्या होत्या. "मी अहवालात स्रोत निश्चित नाही असं लिहितो," ते म्हणाले. "आणि ते खोटं नाही. शंभर टक्के कुणीच सांगू शकत नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. ड्रम मात्र दर आठवड्याला रिकामे करून घासून घ्या. आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. सातव्या दिवशी घासलं की संपलं."

फोन ठेवल्यावर इंद्रायणीनं बोटांवर मोजलं. टँकर नवव्या दिवशी. सातव्या दिवशी ड्रमात अजून दोन दिवसांचं पाणी असायचं. ते ओतून द्यायचं म्हणजे दोन दिवस प्यायचं काय? आणि नाही ओतलं तर आठव्या दिवशी डास उडून जायचा आणि नवव्या दिवशी त्याच ड्रमात, तळाच्या वीतभर गढूळ पाण्यावर, नवं पाणी पडायचं. ती कितीदा तरी मोजत बसली. हिशेब एकच निघायचा.

ती घरोघर फिरली. "सातव्या दिशी पानी वता, डरम घासा, वाळवा." बायकांनी ऐकून घेतलं. सावळेरामबाबांच्या सुनेनं सरळ विचारलं, "वतू? तू आनून देतीस का मग?" खात्यानं दिलेलं अळ्यांवरचं औषध तिनं थेंब-थेंब टाकलं, तर वास येतो म्हणून त्या पाण्यात लोकांनी गुरं धुतली. ती तालुक्याच्या कचेरीत गेली, टँकर सात दिवसांनी द्या म्हणून अर्ज दिला. टेबलामागचा माणूस वाईट नव्हता. त्यानं तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं. "ताई, फेऱ्या माणसांच्या आकड्यावर ठरतात. तुमच्या वर अजून अकरा वाड्या आहेत, त्यांच्याकडं बाराव्या दिवशी जातो. तुमचे दोन दिवस कमी करायला मी कुणाचे वाढवू?" अर्जावर शिक्का घेऊन ती परत आली.

गोरख घरी आला तेव्हा तिनं त्याला बाटलीतल्या अळ्यांचं सांगितलं. तो हातावरची तंबाखू मळत राहिला.

"कुनाला बोललीस?"

"न्हाई."

"बोलू नको. गेणभाऊ, सरपंच, खातं, सगळी सुटतील. आपन हितं ऱ्हायचंय. दादाभाऊच्या भिंतीला भिंत हाय आपली."

"पर सांगितल्याबिगर ती डरम घासनार न्हाईत."

"मग नगं घासू देत."

कुशाबाई आतून ऐकत होती. तिनंही मुलाचीच री ओढली. "गप ऱ्हा, इंद्रे. भागू गेली ती काय परत येनार हाय?"

मग इंद्रायणी गप्प राहिली, आठ दिवस. त्या आठ दिवसांत अजून चौघांना ताप आला. ती ज्या घरात जायची तिथं लोक तिला ओट्यावर बसवायचे, पाणी द्यायचे, ड्रममधलंच. भागूच्या जाण्यानंतर तिच्यावरचा विश्वास उलट वाढला होता, कारण पुण्यापर्यंत तीच सोबत गेली होती. तांब्या ओठांना लावून ती तसाच खाली ठेवायची. वाडी सोडून माहेरी जावं तर तिच्या मागं एवढं तरी कोण बघणार? आणि राहायचं तर रोज याच दारांतून जायचं, रोज त्या ड्रमांच्या बाजूनं. दुपारी पोटऱ्यांवर डास बसलेला कळायचा नाही, नंतर लाल गांधी उठायची, आणि ती खाजवताना तिला वाटायचं, हे मीच घरात आणून बसवलंय.

नवव्या दिवशी रविवारी सकाळी तिनं देवळापुढे सगळ्यांना बोलावलं. टँकर यायचा होता, माणसं घरीच होती. तिनं कागदबिगद काही घेतला नाही. भगवंतांनी दिलेला पांढरा डाव घेतला, स्वतःच्या ड्रममधलं पाणी त्यात घेऊन ते सगळ्यांत फिरवलं. मग अवसरीच्या गोठ्यामागचं सांगितलं, चाकूनं खरवडलेलं सांगितलं, बाटलीत काय निघालं ते सांगितलं.

"ह्यो डास आपल्याकडं नव्हता. मी आनलेल्या डरमांतनं आला. मला म्हाईत नव्हतं. पर आला तो तसाच."

डाव हातोहात फिरून तिच्याकडे परत आला. पारावर बसलेले म्हातारे सावळेरामबाबा शेवटी म्हणाले, "हे आदी सांगायला पायजे व्हतं, पोरी."

"व्हय."

देवळाच्या पायरीशी दादाभाऊ उभे होते. त्यांची मुलगी हर्षाली बाजूला होती, ओतूरला कॉलेजात शिकणारी, आईच्या दिवसांपासून घरीच थांबलेली. दादाभाऊ ड्रमांबद्दल काहीच बोलले नाहीत. ते म्हणाले, "पाचव्या दिशी तू म्हनलीस, बरी हाय."

एवढंच बोलून ते खाली उतरले आणि घराकडे गेले. इंद्रायणी हातात डाव घेऊन तशीच उभी राहिली. ड्रमांबद्दल तिच्याकडे उत्तर होतं, मला माहीत नव्हतं हे. या दुसऱ्या गोष्टीलाही तेच उत्तर होतं, पण ते तिच्या तोंडून निघालं नाही.

त्या दिवशी तीन घरांनी आपले ड्रम दरीत ढकलून दिले. बाकीच्यांना ते परवडणारं नव्हतं, टँकर घाटात दिसत होता. माणसं उठायला लागली तेव्हा रत्ना बोलली. रत्ना वरच्या आळीची, लग्न होऊन दोनच वर्षं झालेली. "सातव्या दिशी डरम निम्म्याच्या खाली असतोय," ती म्हणाली. "दोघींचं पानी गाळून एकीच्या डरमात वतलं तर? रिकामा झाला तो घासायचा, वाळवायचा. दुसऱ्या दिशी सगळं त्याच्यात घ्यायचं आन् दुसरा घासायचा. पानी काय वाया जात न्हाई."

ऐकायला सोपं होतं. पण उन्हाळ्यात माचीवाडीत एकमेकींना मीठ-मिरची देतात, पोरं सांभाळायला देतात, पाणी देत नाहीत. माझं किती, तुझं किती, कुणी रात्रीत तांब्याभर काढलं तर? त्यावर बरंच बोलणं झालं. शेवटी ड्रमात काठी बुडवून पाण्याच्या उंचीच्या खुणा करायचं ठरलं. ज्याच्या त्याच्या काठीवर ज्याचं त्याचं पाणी. आणि जोडी शेजाऱ्याची, भिंतीला भिंत असलेली, म्हणजे वाहून न्यायला नको.

इंद्रायणीची शेजारीण भागू होती.

पहिल्या सातव्या दिवशी वाडीत सगळीकडे पाण्याचा आवाज होता. जुन्या साडीचे चार पदर करून गाळलेलं पाणी एका ड्रममधून दुसऱ्यात जात होतं, नारळाच्या काथ्यानं आणि राखेनं प्लास्टिक घासलं जात होतं. इंद्रायणी काठीची खूण करून अंगणात उभी राहिली. दादाभाऊंचं दार बंद होतं. त्यांचा ड्रम दाराशी, गोणपाट टाकलेला. तिनं हाक मारली. आतून दादाभाऊंचा आवाज आला, "माज्या डरमाला हात लावू नको. माज्या दारात बी येऊ नको."

तिनं स्वतःचं पाणी हंड्या-कळशांत काढलं, ड्रम घासून पालथा घातला. जोडीशिवाय तो पुन्हा भरला नाही. हंडे चार दिवस पुरायचे. पाचव्या दिवसापासून ती पहाटे उजाडताच दरीत उतरायची, येऊन पट्ट्या, रजिस्टर, घरभेटी करायची. कुशाबाई काही बोलायची नाही, पण तोंड धुताना ओंजळीतलं पाणी पुन्हा भांड्यात सोडायची.

तीन आठवड्यांत वाडीचे ड्रम स्वच्छ झाले, एक सोडून. तो एक तिच्या दारापासून पाच पावलांवर होता. सकाळी ऊन आलं की त्याच्या गोणपाटाखालून डास निघताना तिला दिसायचे. भगवंतांना सांगितलं असतं तर त्यांनी नोटीस काढली असती. एकदा तिनं फोन हातात घेतलाही. बायको गेलेल्या माणसाच्या दारावर माझ्या नावानं नोटीस लावायची, या विचारानं तिनं तो खाली ठेवला. आणि न सांगून आपण पुन्हा तेच करतोय, गप्प बसून, हेही तिला कळत होतं.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात, पाऊस लांबला असताना, हर्षालीला ताप आला.

इंद्रायणीला ते कुशाबाईकडून कळलं. भिंतीपलीकडून पोरीचं कण्हणं ऐकू येत होतं. ती अंगणाच्या मधोमध, भागू धुणं वाळत घालायची त्या तारेपर्यंत गेली आणि थांबली. पुढे गेली नाही.

"दादाभाऊ, कितवा दिस हाय?"

आतून भांड्याचा आवाज आला.

"पानी पाजत ऱ्हावा. मिठाचं, साखरेचं. तापाची पांढरी गोळीच द्या, अंगदुखीची दुसरी कुठली देऊ नका." तिनं गोळ्यांची पट्टी तारेला चिमट्यानं लावली. थोड्या वेळानं बघितलं तर ती तिथं नव्हती.

रोज ती तारेपर्यंत जायची. तिसऱ्या दिवशी भगवंतांशी बोलून तिनं जीपवाल्याला सांगून ठेवलं, गाडी वाडीतच ठेव, कुठं भाडं घेऊ नको. मग तारेपाशी येऊन तिनं नीट, मोठ्यानं, दारातून आत जाईल असं सांगितलं.

"दादाभाऊ, ऐका. ताप उद्या नायतर परवा उतरंल. उतरला की बरं वाटलं असं समजू नका. धोका तवाच असतोय, उतरल्यावर. मला तवा म्हाईत नव्हतं. आता म्हाईत हाय. उतरला की मला सांगा. न्हाई सांगितलं तरी गाडीत घालून न्या. गाडी देवळापाशी हुबी हाय."

दार उघडलं नाही. संध्याकाळपर्यंत ती ओट्यावर बसून राहिली. पाखडायचं काही नव्हतं तरी कुशाबाई सूप घेऊन तिच्या शेजारी बसली.

पाचव्या दिवशी सकाळी, चूल पेटवत असताना, दारात सावली पडली. दादाभाऊ उभे होते. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. महिनाभरात पहिल्यांदा त्यांनी तिच्या तोंडाकडे बघितलं.

"उतरला," ते म्हणाले.

इंद्रायणीनं चूल तशीच सोडली. हर्षालीचे हात गार होते, पोटाला हात लावू देत नव्हती. दोघांनी तिला गोधडीत गुंडाळून उचललं. जीपमध्ये दादाभाऊंनी मुलीचं डोकं मांडीवर घेतलं, पाय इंद्रायणीच्या मांडीवर. घोडेगावपर्यंत इंद्रायणी पोरीचे तळवे चोळत राहिली. मंचरला डॉक्टरांनी रक्त तपासलं, पेशी घसरल्या होत्या, सलाईन लावलं. "वेळेत आणलंत," ते म्हणाले. "दुपार झाली असती तर सांगता आलं नसतं."

दादाभाऊ हे ऐकून व्हरांड्यात गेले. इंद्रायणी थोड्या वेळानं बाहेर आली तेव्हा ते भिंतीला पाठ लावून उकिडवे बसले होते. ती पलीकडे बसली.

"दुपार झाली असती," ते म्हणाले. मग तिच्याकडे वळून, "भागूलाबी वेळेत न्हेता आलं असतं का मग? त्या दिशी?"

"आलं असतं," इंद्रायणी म्हणाली.

त्यांनी मान हलवली. त्यांना तिच्या तोंडून हेच ऐकायचं होतं की दुसरं काही, ते तिला समजलं नाही. सांगायला दुसरं तिच्याकडे नव्हतं.

दवाखान्यातून सहाव्या दिवशी हर्षाली घरी आली. त्यानंतर टँकरचा सातवा दिवस आला तेव्हा दादाभाऊंनी त्यांचा ड्रम अंगणाच्या मध्यापर्यंत तिरका करून आणला आणि हर्षालीनं इंद्रायणीला हाक मारली. इंद्रायणीनं आपल्या घासलेल्या ड्रमावर साडीचा पदर धरला, दादाभाऊंनी ओतलं. तळाशी अळ्यांचा काळा गोळा अडकला, तो तिनं मातीत झटकला. आत घासताना दादाभाऊ कोपरापर्यंत वाकले होते. आंब्याचा वास आता येत नसावा. तिच्याशी ते अजूनही फारसे बोलत नाहीत. काठीवर तिची खूण कुठली हे मात्र ते बघून ओततात.

पावसानं टँकर बंद झाला, झरा वाहू लागला. डास गेला नाही. आता तो पत्र्याच्या पन्हाळीत, नारळाच्या करवंटीत, फुटक्या बादलीत राहतो. ऑगस्टमध्ये दोघांना ताप आला, ऑक्टोबरात एकाला. सगळ्यांना ताप उतरायच्या दिवशी खाली नेलं.

दिवाळीनंतर भगवंतांचा फोन आला. दरीपलीकडच्या वाडीत त्यांना तोच डास सापडला होता. त्या वाडीनं गेणभाऊंचा एकही ड्रम नेला नव्हता. कुणीतरी पत्र्यावर वजन म्हणून जुने टायर आणले होते, कुणी लग्नाच्या मांडवातून वापरलेली सिंटेक्सची टाकी. "बघा," भगवंत म्हणाले, "तुमच्याकडं कुणाच्या ना कुणाच्या हातून तो आलाच असता." गोरखला हे ऐकून बरं वाटलं. त्यानं ते वाडीभर सांगितलं. इंद्रायणीनं कुणाला सांगितलं नाही. तो आलाच असता, हे खरं असेल. भागूच्या दारात तो तिच्या हातून आला, तेही खरंच होतं.

यंदाच्या मार्चमध्ये, टँकर सुरू झाल्यावर, तिला त्या वाडीत पाठवलं. तिथली आशाताई बाळंतपणाला गेली होती. चालत दरी उतरून, चढून ती पोचली तेव्हा ऊन वर आलं होतं. पहिल्याच घरी एका बाईनं ड्रमवरचं झाकण काढून दाखवलं. इंद्रायणीनं डाव बुडवला, वर काढला.

"सातव्या दिशी रिकामा करा म्हनत्यात खात्याची मानसं," ती बाई कंटाळून म्हणाली. "आमच्याकडं टँकर बाराव्या दिशी. रिकामा करून प्यावं काय?"

इंद्रायणीनं डाव उलटा करून पायरीवर आपटला. शेजारच्या घराकडे बघितलं. तिथंही दाराशी एक ड्रम होता, दोन्ही घरांच्या मध्ये काट्याचं कुंपण.

"तुजी शेजारीन कोन?" तिनं विचारलं. "बोलतीस का तिच्याशी?"